सूप खाली आलं नाही

धाकटेखार, ता. अलिबाग
६ एप्रिल १९५९

नलूच्या बाबांस,

केसरचा नमस्कार. ट्रॅक्टर चालू झाला, पण भरलेलं सूप वर जात नाही. आज सकाळी भिकूभावोजींनी स्वतः बसून दांडी ओढून पाहिली आणि घरी येऊन सांगितलं, म्हणून लिहिते. पुढचं लोखंडी सूप रिकामं असलं तर वर जातं, तेही म्हाताऱ्या माणसानं गुडघ्यावर हात टेकून उठावं तसं. दगड भरले की वीतभर उचलतं आणि तिथंच राहतं. इंजिनाला जोर दिला तर आवाज चढतो, सूप चढत नाही. कोजागिरीला तुमच्या हाताखाली झालं होतं तसंच.

काय करायचं ते दोन ओळींत कळवा. माझ्या मागच्या पत्रांना उत्तर आलं नाही, त्याबद्दल बोलत नाही. हे पत्र गावाचं आहे असं समजा.

बांधाची खांड अजून उघडी आहे. पडली तेव्हा बैलगाडी जाईल एवढी होती, आता दोन होड्या शेजारी शेजारी जातील. उधाणाचं पाणी येसाजीकाकांच्या खळ्याला लागतं. शेतात निवटे मासे उड्या मारतात. घरटी एक माणूस कामावर जातो, चिखलाचे गोळे रचतो आणि पुढची भरती ते खाऊन टाकते. मोठे दगड टाकल्याशिवाय तळ धरणार नाही, आणि ते दगड माणसांच्यानं उचलत नाहीत. पावसाच्या आधी खांड बुजली नाही तर औंदा पेराच नाही. मग ही जमीन मिठाच्याच कामाची, असं बायकासुद्धा बोलू लागल्यात. शिवदासचं घर चेंबूरला गेलं. दाराला कुलूपही लावलं नाही त्यांनी.

ट्रॅक्टरला काय झालं याबद्दल प्रत्येकाचं मत आहे. भागुबाईनं दिव्याला लिंबू-मिरची बांधली. कोळीवाड्यातला कान्हा नाखवा म्हणाला, "मुशीचं तेल पाजा त्याला. आमची होडी बग कशी ऱ्हाते."

भावोजी म्हणाले, "नाखवा, होडीच्या पाठीला लावता तुमी. पोटात वतता काय?"

"मंग याच्याबी पाठीला लाव!"

खूप दिवसांनी माणसं हसली. येसाजीकाका मात्र हसले नाहीत. म्हणाले, "वायसर गेलंय, दुसरं काय? चामड्याच्या वायसरावर गावाचा बांध सोडला, तवाच सांगितलं व्हतं." तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच लिहिलेलं बरं.

आई बऱ्या आहेत. शेजारी बसून म्हणतात, त्याला जेवणाचं विचार. विचारलं.

मला गावात आता नलूची आय कुणी म्हणत नाही, केसर म्हणतात. त्यांचं मन मला कळतं. पण तुम्हाला मी दुसऱ्या कशा नावानं लिहू? आधी लिहीत होते तसंच लिहीन.

केसर


धाकटेखार
१४ एप्रिल

नलूच्या बाबांस,

कार्ड मिळालं. तुमचं अक्षर बघून आईंनी कार्ड डोळ्यांना लावलं. वाचता त्यांना येत नाही, तरी उलटसुलट करून बघत होत्या. आत काय आहे विचारलं तेव्हा सांगितलं, ट्रॅक्टर आहे. "मुंबईत त्याच्या गोदीत पाऊस पडतो का विचार," म्हणाल्या. एप्रिलात कुठला पाऊस, पण विचारते.

सांगितलंत तसं केलं. ट्रॅक्टर मारुतीपुढच्या सपाट जागेवर आणला, सूप जमिनीला टेकवलं आणि टाकीत पट्टी घातली. तेल खुणेच्या थोडं खाली होतं. डब्यातलं घालून खुणेला आणलं. नळ्या चिंधीनं पुसून कोरड्या केल्या आणि इंजिन चालवून बघितलं. कुठं थेंब नाही. फरकही नाही.

तुमची दुसरी ओळ मी भावोजींना वाचून दाखवली, तिसरी दाखवली नाही. "सूप ओझ्यासकट छातीएवढं वर ठेवा, इंजिन बंद करा. ते आपोआप बसत गेलं तर वायसर गेलं." इथवर वाचलं. पुढचं, "मग मला काही विचारू नका, ज्यानं घातलं त्याला काय ते माहीत आहे," हे वाचलं नाही.

ज्यानं घातलं त्याला मीही बघत होते. शेठच्या मिठागरातून गावानं हा ट्रॅक्टर घेतला, तेव्हापासून त्याच्या सूप उचलणाऱ्या एका दांड्यातून तेल गळत होतं. मुंबईहून तेल अडवायचं वायसर येतं येतं म्हणत गणपती गेले. मग तुम्ही अलिबागहून जाड चामडं आणलंत, कापलंत आणि तेलात भिजत घातलंत. ओटीवर रोज उलटून बघत होतात, जसं काही लोणचं मुरत घातलंय. उरलेल्या तुकड्याच्या नलूनं बाहुलीला वहाणा करून घेतल्या तुमच्याकडून. एक वहाण अजून आहे.

आता अडचण अशी की भरलेलं सूप छातीएवढं जातच नाही, तर परीक्षा घ्यायची कशी? मोरूनं वाट काढली. रिकामं सूप वर नेऊन ठेवायचं आणि शिडी लावून बाजूनं माणसाला पेलेल असा एकेक दगड आत टाकायचा. उद्या तसं करणार आहेत. खाली कुणाला उभं राहू देऊ नका, हे तुम्ही दोनदा अधोरेखित केलंय. भावोजींनी भोवती काथ्या बांधायचं ठरवलंय, पोरं आत जाऊ नयेत म्हणून.

केसर


धाकटेखार
१७ एप्रिल

नलूच्या बाबांस,

सूप खाली आलं नाही.

परवा दुपारी दगड भरून, इंजिन बंद करून ठेवलं. सुपाच्या कडेपासून जमिनीपर्यंत काठी उभी केली आणि तिच्यावर कोळशानं खूण केली. येसाजीकाकांचा काठीवर विश्वास नाही. त्यांनी वेगळी दोरी लावून गाठ मारली आणि ती दोरी घरी घेऊन गेले, रात्रीतून कुणी गाठ सरकवील म्हणून. काल सकाळी सगळा गाव जमला. काठीची खूण तिथंच. काकांनी दोरी लावली. गाठ तिथंच. त्यांनी ट्रॅक्टरच्या दुसऱ्या बाजूनं लावून बघितली. मग दोरी हाताला गुंडाळत उभे राहिले.

भावोजी म्हणाले, "काय काका? आनकी एक दोरी आनू?"

काका म्हणाले, "चामडं बरं हाय." सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मग माझ्याकडं बघून, "बाय, त्याला कळव. येसाजी बोलला म्हनून कळव."

कळवलं.

तुम्ही पिशवी घेऊन निघालात त्या दिवशी, माझ्या हातनं पोरगी गेली, माझ्याच हातचं वायसर होतं, एवढंच म्हणालात. मी अडवलं नाही. अडवायला माझ्याकडं काही नव्हतं. आज आहे. तुमच्या हातचं वायसर सूपभर काळे दगड घेऊन अख्खी रात्र उभं राहिलं. मी जाऊन त्या दांड्याला हात लावून आले. कोरडा आहे.

मग सूप उचलत का नाही, ते अजून कळलेलं नाही. पुढं काय बघायचं ते लिहा. वैशाखी पुनवेचं उधाण मोठं असतं. त्याच्या आधीच्या भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास पाणी कमी असताना, खांडीचं तोंड बुजवायचं ठरलंय. तोवर दगड पडायला हवेत.

केसर


धाकटेखार
२७ एप्रिल

नलूच्या बाबांस,

कार्ड मिळालं. लिहिलंत ते बरोबर निघालं. "वायसर धरतं म्हणजे खालचं सगळं ठीक, पंपालाच तेल पोचत नसणार. पंप कण्हतो का, तेलाला फेस येतो का बघा." पंप कण्हत होता. फेस ताकासारखा होता. टाकी उपसून तळाची जाळी काढली. जाळीत कचरा अडकला होता. तो काढला, जाळी रॉकेलनं धुतली, तेल फडक्यातून गाळून परत घातलं.

सूप दगड भरून डोक्याच्या वर गेलं. मोरूनं शिट्टी घातली. आता रोज दगड पडताहेत.

विचारायचं काही राहिलं नाही.

केसर


धाकटेखार
५ मे

नलूच्या बाबांस,

तुमचं पाकिटातलं पत्र आलं. इतक्या महिन्यांत तुम्ही मला पहिल्यांदा पत्र लिहिलंत, आणि ते मी खोटं बोलते हे सांगायला.

"टाकीत कचरा कुठून जाईल? झाकण मी स्वतः आवळत होतो. तुम्ही सगळ्यांनी मिळून वायसर बदललंत आणि माझं मन राखायला मला हे लिहिता. मी येणार नाही. वायसर राहू दे, तिला तिथं उभी कुणी केली?" असं लिहिलंत.

मी खोटं लिहिलं नव्हतं, पण सगळं लिहिलंही नव्हतं. आता लिहिते. बसून वाचा.

टाकी उपसल्यावर भावोजींनी आत कोपरापर्यंत हात घातला. जाळीच्या तोंडावर काहीतरी मऊ बसलं होतं. ओढून काढलं तर काळा बोळा. भावोजी म्हणाले, "हात् तिच्या! दादा चिंधी विसरला आत." हसतच म्हणाले. पंप तेल ओढायला लागला की तो बोळा जाळीवर चिकटायचा आणि तेल अडायचं, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. इंजिनाला जोर दिला की आणखी घट्ट चिकटणार. जाळी धुवायला मी रॉकेलची परात घेऊन बसले होते. बोळा माझ्याकडं टाकला. मी चोळला. काळं सुटलं तसा हिरवा रंग दिसला. हिरव्यावर पांढरे ठिपके.

तिच्या जुन्या परकराचा तुकडा होता तो. परकर आखूड झाला म्हणून खालचा घेर मी कापला होता, आणि त्या तुकड्यात ती तुमची भाकरी बांधून बांधावर आणायची. पुरचुंडीला दोन गाठी. एक गाठ सुटते म्हणून दुसरी तुम्हीच तिला शिकवली होती. दोन्ही गाठी तशाच होत्या. मी सोडल्या. आत भाताचा लगदा आणि खोबऱ्याचा तुकडा.

आई दारात होत्या. त्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "खंडेनवमीचा गोडभात."

खंडेनवमी आठवते ना तुम्हाला? विळे, कोयते, नांगर, जाळी, सगळं मांडून पूजा झाली. ज्याच्या जिवावर आपण खातो त्याला आधी घास, मग आपल्याला, हे आईंनी तिला सांगितलं. विळ्याच्या पात्याला गोडभात लावला, नांगराच्या फाळाला लावला. मग तुमची स्वारी ट्रॅक्टरकडं. तुम्ही तेल घालत होतात. नलूनं विचारलं, "बाबा, याचं तोंड कुटं हाय?"

तुम्ही म्हणालात, "हे काय! इथनं पितो तो."

"खातो कुटनं?"

"खात न्हाय. नुसता पितो. कान्हा नाखव्यासारका."

सगळे हसले. ती हसली नाही, हे मला आता आठवतं. तुम्ही झाकण चाकावर ठेवून हात धुवायला गेलात. मी पानं वाढायला आत गेले. तेवढ्यात कधीतरी तिनं आपल्या पानातला गोडभात बांधला असणार. त्याला कुणी दिला नाही म्हणून. तुम्ही येऊन झाकण आवळलंत. तुम्ही आवळलंत हे खरंच. आवळायच्या आधी ते आत गेलं होतं.

जेवताना तिनं दुसऱ्यांदा भात मागितला होता. मी म्हटलं, आज भूक बरी लागली.

त्यानंतर आलेली पुनव म्हणजे कोजागिरी. पुढचं तुम्हाला सांगायला नको.

भावोजी मला म्हणाले, "वयनी, दादाला नको कळवू. कचरा व्हता लिव. पोरीचा राग येनार न्हाय त्याला, पन ह्ये त्याला झेपायचं न्हाय." मलाही तेच वाटलं, म्हणून तसं लिहिलं. तुमचं पत्र आल्यावर आईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "कळव. पोरीनं घास दिला. चोरी केली काय? लपवतेस कशाला?"

बरोबर आहे त्यांचं. ती तुम्हाला रोज भाकरी आणायची, तशी एक दिवस तिनं त्याला नेली. मी हे कुणाची चूक म्हणून लिहीत नाही. तुम्हीही तसं वाचू नका. वाचलंत तर मला पुन्हा लिहू नका.

आता दुसरं. तिला तिथं उभी कुणी केली, असं विचारलंत. तुम्ही केलीत. ती तुमच्या मांडीवर बसली होती, सूप उचलेना, तुम्हाला पुढं जाऊन बघायचं होतं. सूप एकदम खाली आलं तर लागेल म्हणून तुम्ही तिला उतरवून बांधावर उभी केलीत. हलू नको म्हणालात. ती हलली नाही. बांधच तिच्या पायाखालून गेला. हे मी पुसू शकत नाही, आणि पुसते असं म्हणणारही नाही.

पण मला एक सांगा. मी तिथं असते तर तिला कुठं उभी केली असती? पाणी चढलं की या गावात आपण पोरांना काय सांगतो? बांधावर जा. माझ्या आयनं मला सांगितलं, तुमच्या आयनं तुम्हाला. आपल्याकडं बांधाहून भरवशाची जागा नाही. मीही तिथंच उभी केली असती, त्याच जागी, आणि हलू नको म्हणाले असते. हे मी रोज भाकऱ्या थापताना स्वतःला विचारून बघते. दरवेळी तिथंच उभी करते.

तुम्ही गेलात म्हणून मी एकटीनं विचारते. दोघांनी विचारलं असतं तर उत्तर बदललं नसतं. पण दोघं असतो.

पुरचुंडीचा तुकडा धुऊन वाळत घातला. डाग गेला नाही. गाठी मी सोडल्या, त्याचं मला वाईट वाटतं. त्या तुमच्यासाठी ठेवायला हव्या होत्या.

केसर


धाकटेखार
११ मे

नलूच्या बाबांस,

तुमचं उत्तर नाही. मोरूचा मेव्हणा गोदीतून आला, तो म्हणाला की पत्र तुम्हाला मिळालं. तुम्ही ते क्रेनखाली बसून वाचलंत आणि दुपारी कामावर आला नाहीत, असंही म्हणाला. एवढं मला कळलंय, एवढंच तुम्हाला कळवते.

दगड पडून झाले. तळ धरला आहे. आता मधलं तोंड तेवढं उघडं आहे. शुक्रवारी अष्टमी. त्या दिवशी दुपारी ओहोटी तळाला जाते, तेव्हा सगळा गाव खांडीत उतरणार. भावोजी सुपानं भर टाकतील, माणसं वर चिखल चढवतील. शेवटचा गोळा कुणी घालायचा हे तुम्हाला माहीत आहे. ज्या घरातलं माणूस खांडीनं नेलं त्या घरानं, जोडीनं. काल मारुतीपुढं बैठक झाली तेव्हा येसाजीकाकांनीच विषय काढला. "जागा रघूच्या घराची," म्हणाले. कुणीतरी विचारलं, तो नाही आला तर? काका म्हणाले, "तर सखुबाई हात लावंल सुनेबरोबर. पन जागा त्याची."

आईंनी तिथंच सांगितलं, "मी न्हाय लावनार. माजा ल्योक जित्ता हाय."

त्यामुळं तुम्ही आला नाहीत तर काय होईल, ते मला सांगता येत नाही. ओहोटी काही थांबणार नाही.

भावोजी गुरुवारी रेवसला सायकल घेऊन जाणार आहेत. भाऊच्या धक्क्यावरून पहिली लाँच लागते तेव्हापासून शेवटची लागेपर्यंत तिथंच उभा राहीन म्हणतात. मी नको म्हटलं, उन्हाचे कशाला. ऐकत नाहीत.

आज संध्याकाळी काम थांबलं तेव्हा शुक्रवारसाठी राखलेले दगड सुपात भरून वर उचलून ठेवले आणि इंजिन बंद केलं. भोवती काथ्या बांधला आहे. येसाजीकाकांनी या वेळी दोरी लावली नाही. आई ओंजळभर गोडभात घेऊन गेल्या होत्या. चाकाजवळ पानावर ठेवून आल्या, झाकणाला हात लावला नाही.

शुक्रवारी ओहोटी लागली की ते सूप खाली येईल. तोवर तुमच्या वायसरावर राहील.

केसर